आहेराचा आकडा

आमच्या गावात माणसाआधी त्याची थैली ओळखू येते. मूल या तालुक्याच्या गावापासून अकरा किलोमीटरवर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून माझी पिठाची चक्की आहे. दळण घेऊन येणारी प्रत्येक बाई थैलीच्या तोंडाला आपल्याच जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. नाव लिहायची भानगड नाही. प्रेमिलाची चिंधी जांभळी, तिच्यावर पिवळे ठिपके. ही चिंधी ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. खरं म्हणजे माझ्यापायी घडलं, पण ते कबूल करायला मला जरा वेळ लागतो.

प्रेमिला धीवराची, माझ्याच वर्गातली. सातवीनंतर तिची शाळा सुटली. माझं नाव गुणवंत, आणि सातवीत गणितात मला शंभरापैकी तेरा गुण पडले होते. निकालाच्या दिवशी ती मला म्हणाली, "तेरा चांगला आकडा हाय भाऊ, त्याले कोनानंच भाग जात नाई." त्या दिवशी मी तिच्या पाठीत धपाटा घालणारच होतो.

तिचं हे भागाचं वेड शाळेतलं नव्हे, तलावातलं. ती सहा वर्षांची असताना तिचा बाप साप चावून गेला. आमच्या तलावात जाळं ओढणाऱ्या माणसांत मासोळी सारखी वाटतात, जितकी माणसं तितके वाटे. विधवेच्या घरातून जाळ्यावर कोणी नाही, म्हणून तिला वाटा नाही. पण सारखे वाटे झाल्यावर जे उरेल, ते काठावर टोपली घेऊन बसलेल्या बाईचं, असा आमच्याकडचा जुना रिवाज. सात जण ओढत असतील तर फार तर सहा मासोळ्या उरणार. कधी दोन, कधी एक, कधी काहीच नाही.

म्हणून ती पोर पाळीवर उभी राहून मासोळ्या मोजायची आणि वाटणी व्हायच्या आधीच आईला सांगायची, आज चार, आज एक. एकदा एकशे चौपन्न मासोळ्या निघाल्या. सात जण होते. तिने हिशेब केला आणि पळत जाऊन आणखी चार जणांना जाळ्यावर बोलावून आणलं, अकरा झाले तर तरी काही उरेल म्हणून. अकरानेही भाग गेला. हा किस्सा गावात अजून हसून सांगतात. त्या दिवशी त्या घरात नुसता मीठ-भात शिजला होता, हे सांगताना मात्र कोणी हसत नाही.

अठराव्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नात तिला आहेर लिहायला बसवलं. भोंग्यावर नाव पुकारायचे, एकशे एक, पाचशे एक, एक हजार एक. लिहिता लिहिता ती थांबली. हजार एकला सातने भाग गेला, अकराने गेला, तेरानेही गेला. "सात जन ओढोत, अकरा ओढोत का तेरा ओढोत, हा आकडा माह्या मायच्या टोपलीत एकबी मासोळी पडू देत नाई," असं ती मला सांगत आली, तेव्हा तिचे डोळे अगदी चमकत होते. इतका दुष्ट आकडा तिला इतका का आवडला, देव जाणे.

पुढे तिने त्याची एक युक्तीही काढली. कितीही मोठा आकडा घ्या, उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा. शेवटच्या गटातून त्याच्या आधीचा वजा करा, त्याच्या आधीचा मिळवा, त्याच्या आधीचा वजा करा. अखेरीस शून्य आलं, किंवा हजार एक आलं, तर तो आकडा सात, अकरा, तेरा तिघांनीही जातो. चारशे छपन्न दोनदा लिहा, चार लाख छपन्न हजार चारशे छपन्न. गटातून गट गेला, शून्य. असा आकडा भेटला की ती म्हणायची, हा आहेराचा आकडा. मोटारीची पाटी, खताच्या गोणीवरचा आकडा, विजेच्या बिलाचा ग्राहक क्रमांक, काही सोडायची नाही. दळण होईतो उभी राहून डोळ्यांनी गट पाडत राहायची. मला याचा मनापासून वैताग यायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो. पाडव्याच्या आधीचा आठवडा होता. प्रेमिलाचा नवरा केवळराम, मुलगा सुरेंद्र आणि सून रिंकू, तिघंही मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. आमच्याकडून दरवर्षी माणसं जातात, गोदावरी ओलांडून. हे तिघं गावातल्या टोळीपासून वेगळे, एका तेलुगू शेतकऱ्याच्या रानात झोपडी करून होते. तिकडे गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सुरेंद्रचा फोन पाण्याच्या हौदात पडून गेला. मग त्याने मालकाच्या फोनवरून माझ्या फोनवर एकदा बोलणं केलं आणि नंबर दिला. प्रेमिलाकडे फोन नाही. तिने चक्कीतल्या कोळशाने तो नंबर भिंतीवर लिहिला, दोन पावलं मागे सरकली आणि एकदम हसली. "भाऊ! हा तर आहेराचा आकडा! नऊशे कोटीच्या घरातला!"

"तुही मासोळी वाळून राह्यली बाहेर, जाय," मी म्हणालो.

दर आठवड्याला पोचू नावाचा ड्रायव्हर पिकअप घेऊन तिकडे मिरची आणायला जातो. त्याच्यासोबत बाया आपल्या माणसांना पीठ, सुकी मासोळी, जवसाची चटणी पाठवतात. त्या दिवशी पहाटे मी तलावावर आंघोळीला गेलो असताना तो आला आणि माझ्या बायकोने, आशाने, जांभळ्या चिंधीची थैली त्याच्या गाडीत टाकली.

दुपारी साडेतीनला प्रेमिला कण्या दळायला आली. दारातच उभी राहिली.

"भाऊ, माही थैली इथीच काऊन?"

"तुही थैली तर पोचूनं सकाळीच नेली."

"मंग हे कोनाची?"

जात्याजवळ जांभळ्या चिंधीची थैली उभी होती, तिच्या गव्हाच्या पिठाने भरलेली. मी कोपऱ्यात बघितलं. कोपरा रिकामा होता.

चक्कीत उंदीर फार. मी जमिनीवरचं झाडलेलं पीठ साठवून त्यात उंदीर मारायची पावडर कालवून ठेवतो. त्याला थैली हवी होती. प्रेमिलाची एक जुनी थैली दिवाळीपासून माझ्याकडे पडून होती. तीच वापरली. चिंधी सोडायचा कंटाळा केला. तीस वर्षं चक्की चालवणाऱ्या माणसाला एवढं कळू नये? चिंधी म्हणजे नाव, हे मीच नव्या सुनांना शिकवतो.

मी आधी आशावर ओरडलो. तिने बिचारीने चिंधी बघून थैली दिली, जसं गावातलं कोणीही दिलं असतं. ओरडून झाल्यावर प्रेमिलाने मला विचारलं, "त्या थैलीत काय होतं?"

मी पुन्हा आशाकडेच वळलो.

"भाऊ, काय होतं थैलीत?"

"उंदराची पावडर. पिठात."

ती किंचाळेल असं मला वाटलं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "रिंकू पाच वाजता मिरचीचा तोडा सोडून येते अन् कनीक मळते," ती म्हणाली. "तिचं कालपासूनचं पीठ सरलं असन."

पोचूला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. सिरोंच्याच्या रस्त्याला जंगलात फोन लागत नाही, आणि थैली तर त्याने दुपारीच उतरवली असणार. माझ्या फोनमध्ये मालकाचा नंबर शोधला. माझा फोन साधा बटणांचा, शेवटचे वीस फोन तेवढे ठेवतो. चक्कीवाल्याला दिवसात वीस फोन येतात. पोलिसांना सांगावं तर काय सांगावं? मालकाचं नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, नदीपलीकडे एका रानात तीन माणसं पोळ्या करणार आहेत एवढंच.

मग आम्ही दोघंही भिंतीकडे धावलो. नंबर होता. पहिले सात आकडे ठळक. शेवटचे तीन नव्हते. तिथे बाया गोण्या टेकवतात. आठ दिवसांत कोळसा घासून साफ झाला होता, नुसती राखाडी झाक उरली होती.

"तुले पाठ असन ना?" मी तिचा खांदा धरून हलवला. "एवढे आकडे पाहतं, पाठ असन ना!"

"आकडा पाठ राहत नाई भाऊ. त्याचा सोभाव राहते."

मला तिचा असा राग आला की काय सांगू. चूक माझी आणि राग तिचा. मी म्हणालो, तीन आकडे म्हणजे हजार नंबर, एकेक लावत बसू. ती लगेच म्हणाली, एकाले अर्धा मिनिट धरला तरी आठ घंटे. घड्याळात तीन चाळीस झाले होते.

ती खाली बसली. चक्कीच्या ओट्यावर पिठाचा थर असतो, त्यात बोटाने भिंतीवरचे सात आकडे लिहू लागली. पुढे एक एकटा, मग तिघांचा गट, मग पुन्हा तिघांचा गट, आणि मग तीन रिकामी घरं. ते आकडे मी इथे लिहीत नाही. नंबर परक्या माणसाचा आहे आणि तुमच्यातला कोणीतरी लावून बघितल्याशिवाय राहणार नाही.

"आहेराचा होता," ती म्हणाली. "तिघांनीबी जात होता. मंग शेवटचे तीन आपल्याले शोधाची गरजच नाई, थे ठरलेलेच हायेत."

"तुले पक्कं आठवते? दुसरा एखादा नंबर असन तो."

"हजारात एक असा भेटते, भाऊ. कशी इसरन?"

हिशेब सोपा होता, माझ्यासारख्या तेरा गुणवाल्यालाही कळेल असा. दुसऱ्या गटातून पहिला गट काढायचा, त्यात सगळ्यात पुढचा एकटा आकडा मिळवायचा, येईल ते शेवटचे तीन. तसं असलं तरच तिच्या युक्तीने सगळं मिळून शून्य येतं. पण तिचं बोट थांबलं. दुसरा गट लहान होता. वजाबाकी होत नव्हती. एकटा आकडा मिळवूनही चारशे अठ्ठावीस कमी पडत होते.

"कमी पडते," ती पुटपुटली. पुसलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा चारशे अठ्ठावीस कमी. पिठातले आकडे वेडेवाकडे यायला लागले.

"अगे, कमी पडलं तर उसनं घ्या लागते!" मी ओरडलो. एवढं मला शाळेतलं आठवत होतं. "हजार उसने घे! हजारातून चारशे अठ्ठावीस गेले, पाचशे बाहत्तर!" आणि तिने मान वर करायच्या आत मी सात आकडे आणि पुढे पाच-सात-दोन दाबले.

घंटी वाजली. एका बाईने उचलला, मागे बसचा आवाज.

"केवळराम! केवळराम को फोन दो!"

"कौन केवळराम?"

"मिरचीवाला! आटा मत खाना बोलो, आटे में जहर है!"

तिने मला पागल म्हटलं आणि फोन ठेवला. मी पुन्हा लावला. तिने पुन्हा शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा उचललाच नाही. मालकाची बायको असेल, माहेरी निघाली असेल, असं काहीबाही मी बडबडत होतो. तीन पंचावन्न. आशा दारात उभी राहून रडत होती, दोन बाया दळणाचे डबे घेऊन आल्या आणि आमची तोंडं बघून बाहेरच थांबल्या.

प्रेमिला पिठाकडे बघत होती. मग तिने माझा हात धरला, घट्ट, मासोळी धरतात तसा.

"भाऊ, तुमी किती घातले?"

"हजार."

"हजार काऊन?"

"उसनं घेताना हजारच घेतेत ना!"

"माह्या बहिनीच्या लग्नात तुमी किती आहेर केलता?"

"इथी पोरं मरून राह्यली अन् तुले आहेर..."

"किती केलता?"

"हजार एक."

"काऊन? हजार काऊन नाई केला?"

नुसता हजार आहेर कोणी करत नाही. वर एक ठेवल्याशिवाय पाकीट देत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हजार घातले की सात-अकरा-तेराचा मेळ मोडतो. हजार एक घातले तर मोडत नाही, कारण हजार एक तिघांनीही जातो. माझा नंबर एकाने चुकला होता. एका रुपयाने, म्हणा.

"पाचशे त्र्याहत्तर," ती म्हणाली. "लावा."

मी लावला. शेवटचा तीन तिनेच दाबला. घंटी वाजली. खूप वेळ वाजली. बंद पडली. दुसऱ्यांदा लावला.

"एवरू?" कोण, असं विचारणारा एक जाडा आवाज आला.

"केवळराम!" मी म्हणालो. "केवळराम, सुरेंद्र! चंद्रपूर!"

"हां, हां. केवळराम." पुढे तेलुगूत बरंच काही. तो घरी असावा, मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"आटा! आटे में जहर! जहर!" त्याला कळेना. तो हसला सुद्धा. प्रेमिलाने फोन हिसकावला आणि जिवाच्या आकांताने एकच शब्द ओरडली, "विष! पिठात विष! रिंकूच्या पिठात विष!"

नशीब, तेलुगूतही विष म्हणजे विषच. "विषमा?" तो म्हणाला. मग काहीतरी पडल्याचा आवाज, मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज, आणि फोन कटला.

चार वाजून सहा मिनिटं झाली होती. पाचला अजून वेळ आहे, असं मी स्वतःला समजावत होतो. पण उन्हाळा चढला की टोळ्या लवकर तोडा सोडतात, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. मी फोन ओट्यावर ठेवला आणि आम्ही त्याच्याकडे बघत बसलो. एकदा वाजला. आम्ही दोघं झडप घालून उठलो. पलीकडच्या टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा एक जण विचारत होता, चक्की चालू आहे का. त्याला मी काय बोललो ते छापण्यासारखं नाही.

मनात तीन प्रेतं येत होती, काढली तरी येत होती. केवळरामने माझ्या घराचं छप्पर शाकारलं होतं. रिंकू लग्न होऊन आली तेव्हा पहिलं दळण माझ्याकडेच घेऊन आली होती, आणि मीच तिला सांगितलं होतं, पोरी, थैलीले सासूची चिंधी बांध.

चार सव्वीसला फोन वाजला.

"माय?" सुरेंद्रचा आवाज.

प्रेमिलाने फोन दोन्ही हातांनी धरला होता. "किती खाल्ल्या रे?"

"माय, आमी आज लवकरच आलो. रिंकूनं कनीक मळली होती, पयली पोळी तव्यावर होती. बाबा हात धुवून बसले होते. मालक गाडीवरून आला अन् तवाच लाथेनं उडवला ना! आमी म्हनलो पागल झाला का काय..."

"किती खाल्ल्या थे सांग. आकडा सांग."

"आकडा? शून्य, माय. कोनं तोंडातबी नाई घातली. शून्य."

तिने नवऱ्याचा आवाज ऐकला, सुनेचा ऐकला. रिंकूला दोनदा हात धुवायला लावले, कणीक खड्डा करून पुरायला सांगितली, कोंबड्या लांब ठेवायला सांगितल्या. मग फोन माझ्या हातात दिला आणि गव्हाच्या गोणीवर बसली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि माझ्याने राहवलं नाही, पोरासारखा रडलो. मला माफ कर, असं काहीतरी म्हणालो असेन. ती ओट्यावरच्या पिठातल्या आकड्यांकडे बघत होती.

"लहानपनी पाळीवर शून्य उरलं का माय तोंड फिरवून रडे," ती म्हणाली. "मले वाटे, हा आकडा जगात नसावाच."

मग तिने पदराने तोंडावरचं पीठ पुसलं.

"आज पह्यल्यांदा शून्यानं पोट भरलं, भाऊ."